डोंगर पोखरून चढ विकत घ्यायचा?

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ ही म्हण मराठी माणूस व्यर्थ खटाटोपासाठी वापरतो. भिवंडी तालुक्यात मात्र गेल्या दोन-तीन दशकांत या म्हणीला नवा आणि अधिक क्लेशकारक अर्थ प्राप्त झाला आहे. येथे डोंगर पोखरून मुरूम काढला जातो, त्या मुरुमाने भातशेतीची सखल जमीन आणि खाडीकाठ भरला जातो आणि भरलेल्या जमिनीवर पत्र्याच्या छताची गोदामे उभी राहतात. मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे, सोनाळे ही एकेकाळी भाताची आणि भाजीपाल्याची म्हणून ओळखली जाणारी गावे आज देशभरच्या मालाची कोठारे झाली आहेत. व्यापार वाढला, काही हातांना काम मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या व्यवहारात टेकड्यांनी दिलेली किंमत कोणत्याही ताळेबंदात मांडली गेलेली नाही.

अशा भूमीत उद्या कोणी असा प्रस्ताव घेऊन आला की, सपाट जागेवर मातीचा एक उंच, तीव्र चढाचा डोंगर बांधू, त्यावर गुळगुळीत रस्ता करू, पायथ्याशी तिकीट खिडकी आणि उपाहारगृह उघडू आणि हौशी सायकलपटूंना पैसे घेऊन तो चढ चढू देऊ, तर काय होईल? ही कल्पना ऐकताना हसू येईल. पण हसण्यावारी नेण्यासारखी ती नाही. जगात ती गंभीरपणे मांडली गेली आहे. आपल्याकडच्या ‘आकर्षण’ संस्कृतीची वाटचाल पाहिली तर ती येथे पोहोचायला फार काळ लागणार नाही. म्हणूनच तिचा विचार आधीच आणि मुळापासून केला पाहिजे.

जेथे डोंगरच नाहीत, त्यांची गोष्ट

या कल्पनेचे माहेर नेदरलँड्स. समुद्राला बांध घालून ज्या देशाने आपली भूमी मिळवली, त्या देशात सायकली घरोघरी आणि डोंगर मात्र जवळपास नाहीत. २०११ साली थेस झोनेवेल्ड या माजी सायकलपटू पत्रकाराने आपल्या स्तंभात, देशात दोन हजार मीटर उंचीचा पर्वत बांधावा, असे सुचवले. प्रारंभी गमतीने घेतलेल्या या सूचनेवर पुढे अभियंते आणि वास्तुरचनाकार खरोखरच चर्चेला बसले. तो पर्वत कागदावरच राहिला. परंतु ज्यांच्याकडे निसर्गाने चढ दिलाच नाही त्यांना तो हवासा वाटावा, यात अस्वाभाविक काही नाही.

त्याच देशात एक कृत्रिम टेकडी मात्र प्रत्यक्षात आहे आणि तिची कहाणी बोधप्रद आहे. ड्रेन्थे प्रांतातील वाइस्टर येथे अनेक दशके कचरा साठत गेला आणि त्याची टेकडी झाली. तिच्यावर माती घालून, हिरवळ वाढवून सायकलींसाठी दगडी फरसबंदीचा वळणावळणाचा चढ तयार करण्यात आला. २०२३ सालच्या युरोपीय रस्ता सायकल स्पर्धेची अंतिम रेषा याच टेकडीवर होती. येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. डच लोकांनी सायकलींसाठी माती आणून डोंगर रचला नाही. कचऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न आधी सोडवला आणि त्या उत्तराच्या माथ्यावर सायकलचा रस्ता नेला. आपल्याकडचे अनुकरण नेमका हा क्रम विसरते. परदेशातील वस्तूचे छायाचित्र येते, तिच्यामागचा विचार येत नाही.

साधे गणित

भावना क्षणभर बाजूला ठेवून आकडेमोड करून पाहावी. दहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की दहा मीटर वर. असा चढ एक किलोमीटर हवा असेल, तर डोंगर शंभर मीटर उंच हवा. रचलेली माती पावसात टिकायची तर तिचा उतार बेताचा ठेवावा लागतो. एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा धरला, तर शंभर मीटर उंचीच्या शंकूच्या पायाची त्रिज्या दोनशे मीटर होते. म्हणजे केवळ पायासाठी सुमारे ३१ एकर जमीन, आणि भरावासाठी जवळजवळ ४२ लाख घनमीटर माती. एका डंपरमध्ये १४ घनमीटर माती मावते असे मानले, तरी सुमारे तीन लाख खेपा! दररोज तीनशे डंपर अखंड धावले, तरी हे काम एक हजार दिवस चालेल.

उंची निम्मी केली तर माती एक-अष्टमांश लागते हे खरे. तरीही ३७ हजारांवर खेपा होतात आणि हाती येतो तो केवळ अर्ध्या किलोमीटरचा चढ. सरावलेला सायकलपटू तो काही मिनिटांत संपवील. त्यानंतर तो काय करणार? पुन्हा खाली येऊन दुसरे तिकीट काढणार?

आता खरा प्रश्न. ही माती येणार कोठून? आकाशातून तर नव्हे. ती येणार शेजारच्याच एखाद्या टेकडीतून. गौण खनिजाची परवानगी, स्वामित्वधनाची पावती, जेसीबीचे दात आणि डंपरची रांग, ही साखळी या तालुक्याला नवीन नाही. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला, झाडाझुडपांनी बांधलेला, झरे पोटात सांभाळणारा डोंगर पाडायचा आणि दहा मैलांवर त्याच मातीचा निष्प्राण ढीग रचून त्याला ‘आकर्षण’ म्हणायचे! याला विकास म्हणावे, तर बुद्धिभ्रंश कशाला म्हणायचे?

शिवाय ही कोकणची भूमी आहे. येथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. कामवारी नदीला पूर आला की भिवंडीचे सखल भाग पाण्याखाली जातात. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. ते तर निसर्गनिर्मित डोंगर होते. १ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीत गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर कोसळून माणसे दगावली. माणसाने रचलेले ढीग पावसाशी कसे वागतात, याचे धडे आपण मोजून घेतले आहेत. आणखी एका धड्याची आवश्यकता नाही.

लंडनची टेकडी, पवईचा तलाव

आपल्याकडील काही मंडळींना परदेशी दाखल्याशिवाय कोणतीही गोष्ट पटत नाही. त्यांच्यासाठी लंडनचा दाखला उपलब्ध आहे. जुलै २०२१ मध्ये तेथील वेस्टमिन्स्टर पालिकेने मार्बल आर्चजवळ लोखंडी सांगाड्यावर माती आणि हिरवळ अंथरून २५ मीटर उंचीची टेकडी उभारली. वर जाण्यासाठी तिकीट ठेवले. लोकांनी पाहिले ते सुकलेले गवत, मरतुकडी झाडे आणि माथ्यावरून दिसणारे रस्त्यांचे सामान्य दृश्य. काही दिवसांतच ती बंद करावी लागली, तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले आणि पुढे प्रवेश विनामूल्य करावा लागला. सुमारे ३३ लाख पौंडांचा अंदाजित खर्च साठ लाखांवर गेला, पालिकेच्या उपनेत्याला पद सोडावे लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये टेकडीला टाळे लागले. ज्या देशात लेखापरीक्षण कडक आणि नागरिक सजग आहेत, तेथे ही गत! आपल्याकडे तर पैसे परत करण्याची वेळ येण्यापूर्वी ठेकेदाराचे देयक अदा झालेले असते.

आणि इतक्या दूर तरी का जावे? मुंबईत पवई तलावाच्या काठाने सायकल आणि धावण्याचा मार्ग बांधण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. सायकल हे पर्यावरणस्नेही वाहन, म्हणून मार्गही पर्यावरणस्नेही, असा युक्तिवाद झाला. प्रत्यक्षात त्यासाठी तलावाच्या पात्रात भराव पडत होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवून तलाव पूर्ववत करण्याचा आदेश दिला. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आखले गेले. ते वापराविना पडून राहिले आणि अखेर रस्ता रुंद करण्यासाठी हटवण्याचे ठरले. एका ठिकाणी सायकलच्या नावाने तलाव बुजवला जात होता, दुसऱ्या ठिकाणी मोटारींच्या सोयीसाठी सायकलचा मार्ग बळी गेला. दोन्ही घटनांचे सूत्र एकच आहे. सायकल चालवणारा माणूस कोठून निघतो, कोठे जातो, याचा विचार कोणीही केला नव्हता. विचार झाला तो केवळ फीत कापण्याचा.

सायकल कोणाची?

सायकल हे आपल्याकडे श्रमिकाचे वाहन आहे. पहाटेच्या पाळीला निघालेला यंत्रमाग कामगार, दुधाचे कॅन लावून येणारा गवळी, हँडलला डबे अडकवून धावणारा मुंबईचा डबेवाला, घरोघरी वर्तमानपत्र टाकणारा विद्यार्थी यांनी ती चालवली आणि जगवली. एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. प्राध्यापक आणि शिपाई एकाच प्रकारच्या वाहनावरून एकाच रस्त्याने जात. या वाहनाला इंधन लागत नाही, परवाना लागत नाही, पथकर लागत नाही. समतेचा इतका साधा धडा दुसऱ्या कोणत्याही यंत्राने दिला नसेल.

त्या वाहनावर आता तिकीट लावायचे? भिवंडीच्या रस्त्यांवर आज सायकलस्वाराची अवस्था काय आहे? भिवंडी-वाडा रस्ता खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. त्या खड्ड्यांनी बळी घेतले, नागरिकांनी आंदोलने केली. अवजड कंटेनरच्या रांगेतून वाट काढणाऱ्या कामगाराला रस्त्याच्या कडेला हातभर सुरक्षित जागा मिळत नाही. त्याला ती न देता, लाख रुपयांची सायकल मोटारीच्या टपावर बांधून आणणाऱ्यासाठी कुंपणाच्या आत गुळगुळीत चढ बांधणे, हा केवळ पैशाचा अपव्यय नव्हे. हा सामाजिक अन्याय आहे. ज्या रस्त्यावर सर्वांचा अधिकार आहे तो मोडकळीला येऊ द्यायचा आणि ज्या रस्त्याला दार आहे तोच चकचकीत ठेवायचा, ही वृत्ती एकदा रुजली की उद्या सावलीलाही तिकीट लागेल.

खऱ्या डोंगरांचा तालुका

सर्वांत मोठा विरोधाभास असा की, भिवंडीला डोंगरांचा तोटाच नाही. भिवंडीहून वज्रेश्वरीच्या रस्त्याने निघाले की दुगाड लागते आणि त्याच्या माथ्यावर गुमतारा किल्ला उभा आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात वसईला इंग्रजांचा वेढा पडला असता तिच्या सुटकेसाठी निघालेले मराठी सरदार रामचंद्र गणेश यांना १२ डिसेंबर १७८० रोजी याच दुगाडच्या परिसरात लढता लढता वीरमरण आले. पुढे वज्रेश्वरीचे मंदिर. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांनी ज्या देवीला नवस बोलल्याची परंपरा आहे, तीच ही देवी. त्यापलीकडे अकलोलीची आणि गणेशपुरीची उष्ण पाण्याची कुंडे, तानसेचे खोरे. शेजारच्या शहापूर तालुक्यात माहुली, ज्याच्या आश्रयाने शहाजीराजांनी १६३६ मध्ये निजामशाहीची अखेरची झुंज दिली. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली आणि येथल्या खाडीकाठाने मराठी आरमाराचा उदय पाहिला.

ज्या तालुक्याच्या प्रत्येक चढाला असा इतिहास आहे, त्याला चढ विकत घेण्याची वेळ यावी? गुमताऱ्याच्या पायथ्याच्या रस्त्याने सायकल हाकणाऱ्या महाविद्यालयीन तरुणाला रामचंद्र गणेश हे नाव तरी ठाऊक आहे का? नसेल, तर दोष त्याचा नाही. त्याला ते सांगणारा साधा फलकही उभारण्याची बुद्धी जाणत्यांना झाली नाही.

हाच नाशिक मार्ग पुढे कसारा घाटाला भिडतो. कसाऱ्याहून इगतपुरी सुमारे तीनशे मीटर उंचावर आहे. वर कल्पिलेल्या शंभर मीटरच्या मातीच्या ढिगापेक्षा तिप्पट चढ सह्याद्रीने तेथे फुकट मांडून ठेवला आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्याची परंपरा आहे. हा किताब तिकीट काढून मिळत नसे. तो फुटलेल्या श्वासाने आणि पेटलेल्या पोटऱ्यांनी मिळवावा लागे.

त्याच परंपरेतून पुढची पिढी घडली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जगातील अत्यंत खडतर सायकल स्पर्धांपैकी एक मानली जाते. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण करून दाखवली. या विक्रमांमागे कोणताही बांधलेला डोंगर नव्हता. होते ते खरे रस्ते, खरे ऊन, खरा वारा आणि पहाटे उठण्याचे व्रत.

चढाचे मोल त्याच्या टक्केवारीत नसते. पुढच्या वळणामागे काय आहे हे ठाऊक नसते, मध्येच पाऊस गाठतो, तहान लागली तर वाटेवरच्या घरातली आजी तांब्याभर पाणी पुढे करते, माथ्यावर पोहोचल्यावर आपण ज्या गावातून निघालो ते गाव खाली ठिपक्यासारखे दिसते. शरीराबरोबर मन घडते ते यातून. कुंपणातल्या ढिगावर व्यायाम होईल, घाम येईल, छायाचित्रही निघेल. पण तेथे वाट नसते, गाव नसते, भेटणारा माणूस नसतो. तेथे असतो केवळ ग्राहक. आणि ग्राहकांच्या गर्दीतून समाज उभा राहत नाही.

मग करायचे काय?

विरोधासाठी विरोध हा मार्ग नव्हे. भिवंडीला क्रीडा-पर्यटन हवे असेल, तरुणांना मोबाइलच्या पडद्यातून मैदानात आणायचे असेल, तर त्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते डोंगर बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पहिली गोष्ट, जे डोंगर शिल्लक आहेत ते राखावेत. तालुक्यातील टेकड्यांची गावनिहाय नोंद व्हावी आणि उत्खननाची प्रत्येक परवानगी ग्रामसभेसमोर वाचली जावी. आपल्या गावचा डोंगर किती ब्रासने उणा झाला, हे गावकऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरी गोष्ट, भिवंडी-दुगाड-वज्रेश्वरी-गणेशपुरी हा रस्ता सायकलस्वारांसाठी सुरक्षित करावा. दोन्ही बाजूंना दीड मीटरची खड्डेमुक्त कड, वळणांवर सूचना, देवस्थानाजवळ सायकली ठेवण्याची सोय आणि गुमताऱ्याच्या पायथ्याशी इतिहास सांगणारा फलक. त्याचा लाभ हौशी सायकलपटूपेक्षा रोज त्या रस्त्याने शाळेत आणि कामावर जाणाऱ्यांना अधिक होईल.

तिसरी गोष्ट, ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. इगतपुरी-कसारा दरम्यानच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे वाहनांना जुना घाट टाळून जाता येते. मग महिन्यातील एका रविवारी पहाटेचे दोन-तीन तास जुन्या कसारा घाटाचा एक मार्ग केवळ सायकलींसाठी राखून ठेवता येणार नाही का? त्यासाठी एक ब्रासही माती लागणार नाही. लागेल तो पोलीस बंदोबस्त आणि प्रशासनाची इच्छाशक्ती.

चौथी गोष्ट, कृत्रिम टेकडीच हवी असा हट्ट असेल, तर ती भिवंडीकरांनी नकळत केव्हाच उभी केली आहे. शहराचा कचरा चाविंद्र्याच्या कचराभूमीवर साठत आला आहे आणि आसपासचे रहिवासी दुर्गंधी अन् धूर सोसत आले आहेत. आधी त्या कचऱ्याचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण करावे, विषारी पाणी आणि वायू यांचा बंदोबस्त करावा, नवा कचरा घरातच ओला-सुका वेगळा करण्याची शिस्त लावावी. त्यानंतर जी सुरक्षित, मातीने झाकलेली, झाडांनी बांधलेली उंची उरेल, तिच्यावर मुलांसाठी सायकलचा मार्ग खुशाल करावा. मात्र तिकीट न लावता. वर्षानुवर्षे धूर ज्यांनी गिळला, त्यांच्याकडून चढाचे पैसे घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. अनुकरणच करायचे तर डचांच्या या शहाणपणाचे करावे.

यातील कोणतीही गोष्ट केवळ शासनाच्या भरवशावर होणारी नाही. भिवंडीतल्या शाळांनी, गणेशोत्सव मंडळांनी, व्यायामशाळांनी आणि कुटुंबांनी तिच्यात आपला वाटा उचलला पाहिजे. एखाद्या रविवारी आईवडिलांनी मुलांना घेऊन दुगाडपर्यंत सायकलने जावे, पायथ्याशी थांबून त्यांना १७८० ची कथा सांगावी, येताना रस्त्याकडेची वाळलेली रोपे पाहून पुढच्या खेपेला पाणी न्यावे. ज्या डोंगराशी मुलांची अशी ओळख झाली, त्याच्यावर जेसीबी चढू लागला तर ती मुले मोठी होऊन गप्प बसणार नाहीत.

सह्याद्री हा या महाराष्ट्राचा पाठीचा कणा आहे, असे आपण भाषणांत अभिमानाने म्हणतो. कणा विकून कुबडी विकत घेणाऱ्याला जग शहाणा म्हणत नाही. जो डोंगर आहे तो राखला, त्याच्याकडे जाणारा रस्ता नीट केला आणि त्याची कथा मुलांना सांगितली, तर भिवंडीला चढ बांधावा लागणार नाही. डोंगर जागच्या जागी आहेत. ते आपल्या डोळ्यांदेखत उणे होऊ द्यायचे की त्यांच्या बाजूने उभे राहायचे, याचा निर्णय मात्र पुढचा डंपर भरण्यापूर्वी घ्यावा लागेल.